लिटरला चोवीस

आबाजीचा जन्म शेळगावच्या माळावरचा, पण त्याच्या घराला वर्षातले सात महिने दारच नसायचं. दिवाळी सरली की बाप मेंढरं घेऊन निघायचा. पुढं मेंढरं, मागं आई, मध्ये घोडं, घोड्यावर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडाच्या वर कोकराला पोटाशी धरून बसलेला आबाजी. जिथं दिवस मावळेल तिथं तीन दगड मांडायचे, तेच घर. पुढं कालव्याचं पाणी वाढलं, माळाचा ऊस झाला, चरायला रान उरलं नाही. बापानं एका बाजाराला उरलेली मेंढरं विकली आणि रिकामी काठी घेऊन घरी आला. आबाजी तेव्हा विशीत होता. त्याच्या पायांना काम उरलं नाही, म्हणून त्यानं हातांना शोधलं. उसाच्या ट्रॅक्टरवर आधी मागं लोंबकळला, मग ड्रायव्हरशेजारी टेकला आणि दोन हंगामांत स्टिअरिंगवर बसला.

बारामतीच्या नीळकंठ डॉक्टरांनी त्र्याण्णव साली लहान पांढरी पेट्रोल गाडी घेतली, आणि गाडीबरोबर आबाजीला घेतलं. गाडी चालवायला त्याचे हात तयार होते, डोळे नव्हते. रस्त्यावरच्या पाट्या त्याला वाचता येत नव्हत्या. डॉक्टरांच्या पत्नी मंदाकिनीबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी त्याला पाटी-पेन्सिल दिली नाही. गाडीतच मागं बसून त्या म्हणायच्या, "आबाजी, पुढचा दगड आला. काय लिहिलंय?" आणि पस्तिशीचा तो माणूस वेग कमी करून वाचायचा, "इं... दा... पू... र. तेवीस." मैलाच्या दगडांवर तो अक्षरं शिकला. म्हणून त्याला आयुष्यभर प्रत्येक शब्दाच्या पुढं एक आकडा असावा असं वाटत राहिलं.

त्या गाडीवर त्याचा जीव होता. सकाळी कापड फिरवताना तो तिच्याशी बोलायचा. थंडीत चोक ओढायच्या आधी बॉनेटवर हात ठेवायचा, बाप मेंढीच्या पाठीवर ठेवायचा तसा. आणि बापाचीच एक रीत त्यानं गाडीला लावली होती. बाजारात कुणी मेंढीचं विचारलं, तर बाप तिची वाखाणणीच करायचा. लंगडत असली तरी म्हणायचा, वाऱ्यागत पळती. नंतर आबाजीला सांगायचा, "चार माणसांत आपल्या जनावराला कमी बोलू नये. ते ऐकतं."

गाडीबरोबर एक रंगीत कागद आला होता. त्यावर मोठ्या आकड्यात छापलं होतं, लिटरला चोवीस किलोमीटर. आबाजीनं तो आकडा स्वतः वाचला होता. मग पेट्रोल पंपावर कुणी विचारलं, "किती ॲव्हरेज देती रं?" की तो मान ताठ करून सांगायचा, "चोवीस."

एका ठेकेदाराच्या जीपवरचा ड्रायव्हर झुंबर हसायचा. "आबा, चोवीस? पेट्रोलवर चालती का हवा खाऊन?"

"तुझी जीप पितीया म्हशीगत, त्याला मी काय करू?"

"आरं, आमच्या सायबाला सांगतो. म्हणंल, जीप इकू आन् आबाच्या गाडीची बहीण घिऊ."

"सांग की. चोवीस म्हंजी चोवीस."

झुंबरनं खरोखरच सांगितलं. शहाण्णव सालच्या मार्चमध्ये एका लग्नात ठेकेदारानं डॉक्टरांना गाठलं. "डॉक्टर, नशीबवान आहात. गाडी चोवीस देते म्हणे! तुमचा ड्रायव्हरच सांगत होता."

डॉक्टर टिपणं ठेवणारे. पेशंटचा ताप लिहावा तसं गाडीचं पेट्रोल आणि किलोमीटर ते एका डायरीत लिहीत. घरी येऊन त्यांनी डायरी उघडली. कुठल्याही महिन्यात आकडा पंधराच्या पलीकडं फारसा जात नव्हता. कागद चोवीस म्हणत होता. ड्रायव्हर चोवीस म्हणत होता. मग दर लिटरामागचे नऊ किलोमीटर जात कुठं होते? टाकीत नळी घालून पेट्रोल काढणारे ड्रायव्हर तालुक्यात होते, हे त्यांनी ऐकलं होतं.

ते आबाजीला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आबाजी कापड घेऊन आला तेव्हा टाकीला नवं झाकण होतं. कुलपाचं. त्याची बारकी किल्ली डॉक्टरांच्या खिशात होती.

आबाजीनं गाडी पुसली. झाकणापाशी त्याचा हात थांबला. तेवढी जागा न पुसताच तो पुढं गेला.

पंपावर सावळाराम नळी घेऊन उभा राहिला आणि डॉक्टरांनी खाली उतरून स्वतः कुलूप काढलं. पलीकडच्या रांगेतून झुंबरनं ते पाहिलं. डॉक्टर आत बसल्यावर तो हळूच जवळ आला. "काय आबा? राखणदारालाच कोंडलं व्हय?"

या एका वाक्यानं आबाजीचं अन्नपाणी तुटलं.

शेळगावला घरी गेल्यावर बायकोनं, सारजानं ताट सरकवलं, ते तसंच राहिलं. खोदून विचारल्यावर त्यानं सांगितलं.

"दुसरीकडं बघा काम," सारजा म्हणाली. "ड्रायव्हरला काय तोटा हाय?"

"काम मिळंल. पर बारामतीतनं मी असाच गेलो, तर लोक काय म्हणतील? पेट्रोल खाल्लं म्हणून काढला. ते नाव घिऊन मी ह्या गावात कसा फिरू?"

सारजा म्हणाली, "आन् रागावणार तरी कुणावर? छकुलीच्या येळला कोण आलं व्हतं?"

तेच तर अवघड होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची लेक छकुली तापानं फणफणली, डोळे फिरवले तिनं. निरोप पोचला तसे डॉक्टर पायजम्यावरच निघाले होते. बाई मागच्या सीटवर छकुलीचं डोकं मांडीवर घेऊन, ओल्या पंच्यानं कपाळ पुसत बारामतीपर्यंत आल्या होत्या. आज छकुली दोन वेण्या घालून शाळेत जात होती. त्या माणसांनी कुलूप लावलं होतं. दुसऱ्या कुणी लावलं असतं, तर आबाजीनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवून वाट धरली असती. इथं त्याला रागावताही येईना.

शनिवारी त्यानं डॉक्टरांपुढं उभं राहून सांगितलं, "सायेब, उद्या पेशंट बघाया पळसदेवची फेरी हाय. टाकी गळ्यापतुर भरा. कुलूप तुमीच लावा, किल्ली तुमच्यापाशी. बाईंनाबी घ्या संगं. मेंढी दूध किती देती ते धार काढताना समूर बसून बघायचं असतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. बाईच दारातून म्हणाल्या, "मी येते."

रविवारी सावळारामनं टाकीच्या तोंडाशी पेट्रोल चमकेपर्यंत भरलं. बाईंनी किलोमीटरचा आकडा त्या रंगीत कागदाच्याच पाठीवर लिहून घेतला.

इंदापूरच्या रस्त्याला लागले आणि पुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग आली. कारखान्याचा हंगाम संपत आलेला, शेवटचा ऊस चाललेला. आबाजी दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होता. एक गाडी ओलांडली की समोरून ट्रॅक्टर, त्याच्या मागं डुलणाऱ्या दोन ट्रॉल्या. पुन्हा ब्रेक, पुन्हा दुसरा गिअर. पाचटाचा वास गाडीभर झाला.

शेळगावच्या वस्तीवर भामाबाईंचा दमा होता. डॉक्टर बॅग घेऊन उतरले. "दोनच मिनिटं, आबाजी. इंजिन चालू असू द्या." एका पावसाळ्यात गाडी पेशंटच्या दारात चालू व्हायला तयार नव्हती, तेव्हापासूनचा त्यांचा हा हुकूम.

बाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. डॉक्टर परत आले तेव्हा एकवीस मिनिटं झाली होती. मागून भामाबाईंचा मुलगा फीच्या बदल्यात ज्वारीचं अर्धं पोतं आणि एक भला मोठा भोपळा घेऊन आला. त्यामागून सून, छबूबाई, दोन पोरांना हाताशी धरून.

"डाक्टरसायेब, निमगावापतुर सोडता का? माहेरला निगाले."

"बसा, बसा," डॉक्टर म्हणाले. दर वेळी ते असंच म्हणत.

गाडीची मागची चाकं दबली. बाई एका पोराला मांडीवर घेऊन खिडकीला चिकटल्या. निमगावात माहेरवाशीण उतरली, तर तिच्या भावानं चहाला थांबवलं. दोनच मिनिटं. इंजिन चालू. बाईंनी पुन्हा घड्याळ पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

पळसदेवला हमरस्ता सोडून गाडी धरणाच्या पाण्याकडं उतरली. उजनीचं पाणी त्या वर्षी लवकर मागं सरलं होतं. जुन्या देवळाचं शिखर पाण्यातून वर आलं होतं आणि त्यावर एक बगळा बसला होता. कोळ्यांची वस्ती पाण्यामागं सरकत गेलेली, तिथवर रस्ता नव्हताच, चाकोऱ्या होत्या. आबाजी पहिल्या गिअरवर गाडी नेत होता. इंजिन कण्हत होतं, आणि तो पुटपुटत होता, "चल बाय, जरासंच ऱ्हायलं."

पेशंट पाहून झाले. तिघं बाभळीच्या सावलीत डबा खायला बसली. बाईंनी चष्मा लावला आणि रंगीत कागद डोळ्यांजवळ नेला.

"अहो, ह्या चोवीसवर एक बारकी चांदणी आहे, पाहिलीत?"

"कुठंय?"

"आणि तशीच चांदणी इथं तळाला. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं आहेत. 'ठरावीक वेगात, चाचणीच्या परिस्थितीत.' चाचणीची परिस्थिती म्हणजे काय हो?"

डॉक्टर डिकीकडं बघत राहिले. मग हळू म्हणाले, "म्हणजे, मंदा, जिथं तू नाहीस, मी नाही, उसाच्या गाड्या नाहीत आणि भोपळा नाही."

आबाजीला हसू आलं, ते त्यानं भाकरीच्या घासात लपवलं.

"आणि हे बघा," बाई पुढं म्हणाल्या, "तुमच्या दोन-दोन मिनिटांची आज आतापर्यंत त्रेपन्न मिनिटं झाली. गाडी जागेवर उभी, पेट्रोल जळतंय. मी मुलांना शिकवते, ॲव्हरेज म्हणजे सरासरी. चढ, उतार, थांबणं, ओझं, सगळं धरून. ह्या कागदावर ॲव्हरेज नाहीच. तो तिचा एक चांगला दिवस आहे."

डॉक्टर आबाजीकडं वळले. "पण मग तुम्ही सगळ्यांना चोवीस का सांगत होतात? तुमच्याच तोंडचा आकडा धरून मी..."

आबाजीनं हात धुतले, पंच्याला पुसले. "सायेब, बा म्हणायचा, चार माणसांत आपल्या जनावराला कमी बोलू नये. गाडी मला पंधराच देती, हे मला ठावं हाय. पर ती हुबी आसती ना तितंच. तिच्या तोंडावर कसं सांगू?"

पाण्यावरून वारा आला. बगळा शिखरावरून उठून दुसऱ्या काठाला गेला. पेशंटला उलटसुलट दहा प्रश्न विचारल्याशिवाय गोळी न देणारा हा माणूस आबाजीला एकही प्रश्न विचारायला विसरला होता.

"मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, आबाजी," ते म्हणाले. "कुलूप लावलं, ते चुकलं माझं."

"आसं म्हनू नगा." आबाजी म्हणाला. "छकुलीच्या येळला तुमी इचारलं व्हतं का, शेळगावला जायाला पेट्रोल किती लागंल? त्या दिसाचं ॲव्हरेज कोण काढनार? माझी पोर शाळंत जाती, सायेब. मला तुमचा राग आला न्हाय. नुसतं वाईट वाटलं."

बाईंनी डबे बांधायला घेतले.

भिगवणवरून बारामतीत पोचले तेव्हा उन्हं कलली होती. पंपावर सावळाराम होता आणि झुंबरची जीपही होती. टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. साडेआठ लिटर. बाईंनी कागदाच्या पाठीवर वजाबाकी केली, एकशे बत्तीस. मग भागाकार केला आणि कागद आबाजीपुढं धरला. "वाचा. तुम्हीच वाचा."

तो मैलाच्या दगडासारखं सावकाश वाचू लागला. "पंधरा... आन् वर अर्धा."

डायरीतला प्रत्येक महिना खरा होता. पेट्रोलचा एक थेंबही कुठं गेला नव्हता.

डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली, झाकण फिरवून काढलं आणि सावळारामच्या हातात दिलं. "हे तुझ्या मोटारसायकलला बसत असेल तर बघ. आणि आमचं जुनं, साधं झाकण डिकीत आहे, ते लाव." झुंबर सगळं बघत होता, म्हणून हे ते जरा मोठ्यानंच बोलले.

झुंबर जवळ आला. टोमणा मारायला आला होता, पण झाकण बघून त्याला टोमणा सापडेना. सवयीनं त्यानं जुनंच विचारलं. "मग आबा? किती देती?"

आबाजीनं गाडीकडं पाहिलं. चिखलानं माखलेली, ज्वारीच्या पोत्यानं दबलेली, दिवसभर दमलेली गाडी. ज्या फुशारकीनं त्याचं नाव जायला बसलं होतं, तो आकडा त्याच्या ओठांवर आला होता. त्यानं बॉनेटवर हात ठेवला, तिची माफी मागितल्यासारखा.

"पंधरा," तो म्हणाला. "पंधरा आन् वर अर्धा."

झुंबर तोंड उघडणार, तेवढ्यात आत बसलेल्या डॉक्टरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पण झुंबर, तिच्यात डॉक्टर बसला नसेल ना, तर चोवीस देते! तुझ्या साहेबांना सांग, आबाजीचा आकडा बरोबर होता. चूक माझ्या वजनाची होती."

मागच्या सीटवर बाई खळखळून हसल्या. आबाजीनं गाडी चालू केली. इंजिननं पहिल्याच झटक्याला आवाज दिला, आणि त्याला वाटलं, तिनं ऐकलं.