साय अकोल्याला गेली

सासूबाई सहा महिने आमच्याकडे अमरावतीत राहतात आणि सहा महिने धाकट्या दिरांकडे अकोल्यात. गेल्या वर्षी आमच्याकडे असताना त्यांची हाडं दुखायला लागली. जिना चढताना मध्येच थांबायच्या. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व फारच कमी. डॉक्टरीणबाईंनी आठ आठवड्यांच्या पुड्या दिल्या. पुड्या संपल्यावर आकडा वर आला. "आता हा टिकवायचा," त्या म्हणाल्या. "ड जीवनसत्त्व घातलेलं पिशवीचं दूध द्या, आणि रोज ऊन."

मी फ्रिजवर यादी लावली. पिशवीवर जीवनसत्त्व घातल्याचा निळा चौकोन छापलेला असल्याशिवाय दूध घ्यायचं नाही. सात वाजता बाल्कनीत कोवळं ऊन. आठला एक पेला, चारला एक पेला. प्रत्येक ओळीपुढे रोज बरोबरची खूण. तीन महिन्यांत एक खूण चुकली नाही.

दिवाळीआधी पुन्हा तपासलं. आकडा घसरलेला.

दिवाळीनंतर त्या अकोल्याला गेल्या. जावेकडे यादी नाही, पिशवीचं दूध नाही. दारात गवळी येतो, तो देईल ते म्हशीचं दूध. मी फोनवर समजावलं की सुट्या दुधात हे जीवनसत्त्व नावापुरतंच असतं. ती म्हणाली, "हो ताई, पाहतो." तिचं पाहणं मला माहीत आहे.

संक्रांतीच्या सुमाराला तिने अहवाल पाठवला. आकडा चांगला वर गेला होता. पुड्यांशिवाय. खाली हसरा चेहरा. मागोमाग सासूबाईंचा आवाज: "मी आता बिना धरता जिना चढून राहिली. पोरीच्या हाताले गुण हाये व."

ती पोर पंचेचाळीस वर्षांची आहे. आणि तीन महिने पेले मी मोजले होते. त्या बऱ्या झाल्या याचा आनंद मला झाला, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी मी फक्त एवढाच विचार केला की आता त्या तिथेच राहतो म्हणतील.

तसंच झालं. नवऱ्याने फोन केला तर म्हणाल्या, "इथं गच्ची हाये, इथंच बरं वाटते."

मी दोन्ही अहवाल आणि माझी यादी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझं काय चुकलं, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी यादी वाचली.

"सातचं ऊन छान असतं, पण त्याने हे काम फारसं होत नाही. दहा-अकराचं हवं. तिकडे कधी बसतात?"

जाऊ अकराला तुरीच्या शेंगांची टोपली घेऊन गच्चीवर जाते आणि सासूबाई तिच्याबरोबर सोलत बसतात. हे मला माहीत होतं. मी त्याला टंगळमंगळ म्हणत होते.

"आणि दूध कसं देता?"

"दोनदा तापवून, साय काढून."

"साय काढून?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं. साय काढली की त्यातलं बरंचसं तिच्याबरोबर जातं. सायीचं काय करता?"

साय मी डब्यात साठवते. आठ दिवसांनी विरजण, मग लोणी, मग तूप. माझ्या आईने हेच केलं, मीही बावीस वर्षं हेच करते. तूप दर महिन्याला अकोल्याला जातं, कारण जावेला कढवायचा कंटाळा. सासूबाई तिथे भाकरीवर तेच घेतात.

मी हे सांगितल्यावर डॉक्टरीणबाई हसल्या. "तुपामुळे एवढा फरक पडणार नाही. उन्हाचं काम आहे ते." पण रिक्षात बसल्यावर मला तूपच दिसत होतं. माझ्या पिशव्या, माझी साय, आणि गुण तिच्या हाताला.

घरी आल्याबरोबर अकोल्याला फोन लावला. सासूबाईंनीच उचलला.

"बरं झालं केला. तुह्या तुपाचा डबा खाली झाला."

"आता तूप नाही, आई. डॉक्टर म्हणाल्या साय दुधातच ठेवायची."

"अन् मंग मी भाकरीले काय लावू?"

"इकडे या. सायीचं दूध देते. आणि अकरा वाजता गच्चीवर बसवते."

"तुमच्या गच्चीले तर कुलूप असते."

"किल्ली मागून घेतली आहे," मी म्हणाले. ती मी फोन ठेवल्यावर मागणार होते.

मग म्हणाल्या, "येतो मंग शनवारी. पण हिले बी आणतो दोन दिवस. एकटीनं शेंगा सोलाले जमत नाही मले."

मागून जावेचा आवाज आला, "ताई, तुरीच्या शेंगा मी घेऊन येतो, तुमी आणू नका!"

मी हो म्हटलं. नवी यादी केली. उन्हापुढे सातच्या जागी अकरा लिहिलं, पेल्यांपुढे 'साय न काढता'. किल्ली, चटई, दुधाच्या दोन पिशव्या जास्त. गच्चीवर खुर्च्या: दोन, असं लिहिलं. शुक्रवारी संध्याकाळी त्या दोनाचे तीन केले.