भोंगा उतरवायच्या आधी

चौसाळ्यात आमच्या आप्पांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. आजूबाजूच्या गावांत लग्न असलं की नवरदेवाच्या आधी आप्पा पोचायचे. दुकान बंद होऊन जमाना झाला, पण तबकड्यांची लोखंडी पेटी अजून पलंगाखाली आहे आणि तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

मागच्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा कान गेलाय आणि उजवाही फार दिवस साथ देणार नाही. मी हबकलो. आप्पांनी घरी येऊन पेटी उघडली आणि सनईची एक तबकडी माझ्या हातात दिली. नवरी सासरी निघाली की ते हीच लावायचे.

"ही मला शेवटपर्यंत ऐकायची हाय."

"कशापायी? हजारदा वाजवली असंल की तुमी."

"वाजवली. ऐकली कुठं? नवरी गाडीत बसली की मी लांबच्या झाडावर, तिथला भोंगा काढाया. खाली येईस्तोर तबकडी संपलेली."

त्यांच्या जुन्या यंत्राची मोटर केव्हाच जळाली होती. मी पाटोद्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे घरात माझी थोडी ऐट आहे. म्हटलं, सगळी पेटीच कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ. मग त्या एका कानाला झेपेल तेवढा आवाज वाढवता येईल. मोबाइलवर एक लालभडक, सुटकेससारखं यंत्र मी पसंतही करून टाकलं. स्पीकर आतच, एक वायर कॉम्प्युटरला जोडली की काम झालं.

आप्पांनी चष्मा वर सरकवला. "सुईच्या दांडीचं वजन कमी-जास्त कराया काय हाय ह्याच्यात?"

काही नव्हतं.

"मग हे तबकडी वाजवणार न्हाई, नांगरणार. पुढचं दाखव."

असं पंधरा दिवस चाललं. आईनं साड्यांच्या दुकानदाराला कधी इतकं पिडलं नसेल. मला राग येत होता, कारण प्रत्येक वेळी त्यांचंच बरोबर निघत होतं. शेवटी ठरलं ते असं: दांडीच्या मागे फिरवायचं वजन असलेला टर्नटेबल, सुईचा बारीक आवाज मोठा करणारी एक डबी, आणि तो आवाज लॅपटॉपपर्यंत नेणारं साउंड कार्ड. डबी मी गाळणार होतो. "सुईचा आवाज मुंगीएवढा असतो. आधी मोठा केल्याबिगर पुढं धाडू नको," आप्पांनी बजावलं.

सगळं आलं. मी मोठ्या रुबाबात जोडलं, आणि लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरमधून सनईऐवजी नुसतं घूंऽऽ. दोन तास मी सेटिंग बदलत बसलो आणि कंपनीला शिव्या घातल्या. आप्पांना ती घूं ऐकूही येत नव्हती. त्यांनी स्पीकरवर फक्त तळहात ठेवला.

"अर्थिंग न्हाई बे."

टर्नटेबलच्या मागे एक बारीक वायर लोंबत होती. ती जास्तीची समजून मी रबर लावून व्यवस्थित गुंडाळून ठेवली होती! आप्पांनी ती डबीच्या स्क्रूखाली आवळली आणि मला अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाच्या पाण्याची बादली ओतायला लावली. आमच्याकडच्या कोरड्या जमिनीत अर्थिंगलाही तहान लागते म्हणे. घूं गप्प झाली. कॉम्प्युटर शिकवणारा मी रिकामी बादली घेऊन अंगणात उभा होतो.

मग त्याच स्पीकरला हेडफोन जोडून आप्पांच्या कानावर चढवला, आवाज पूर्ण मोठा केला आणि तबकडी लावली. आप्पांनी डोळे मिटले. लॅपटॉपवर सगळं उतरत होतं. तबकडी शेवटाकडे आली आणि आप्पा डोळे न उघडताच उठून उभे राहिले. लग्नात भोंग्याची वायर गुंडाळायचे तसं कोपर वाकवलं आणि तळहात-कोपर, तळहात-कोपर करत हेडफोनची वायर भराभरा गुंडाळायला लागले. ताण बसून पिन निघाली. आता सनई स्पीकरमधून सगळ्या घराला ऐकू येत होती, फक्त आप्पांना नव्हती.

"संपली," ते म्हणाले.

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडूही आलं. आई स्वयंपाकघरातून आली. तिनं त्यांच्या कानावरून हेडफोन काढला आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, "न्हाई संपली. शेवटी चौघडा हाय अजून."

"तुला काय ठाऊक?"

"आपल्या लग्नात, धारूरला, मुंडावळ्या बांधून तुमी लिंबावर चढलात भोंगा काढाया. मी गाडीत एकटी बसून मांडवातल्या भोंग्यावर समदी ऐकलीय."

आप्पांनी हातातल्या वायरच्या गुंडाळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पहिल्यापासून लाव." आणि गुंडाळलेली वायर हेडफोनसकट आईच्या हातात दिली. "ही धर. चौघडा होईस्तोर मला देऊ नको."

या वेळी हेडफोन नव्हता. मी स्पीकर त्यांच्या उजव्या कानाशी नेऊन धरला. चौघडा वाजून तबकडी संपेपर्यंत आईनं एका हातात वायर धरली होती आणि दुसऱ्या हातानं त्यांचा दंड.