लपंडावातलं स्पॅनिश

लहान मुलांच्या घरात किस्से धुण्यासारखे साठतात. दोन दिवस वाळत घातले नाहीत की ढीग! इंदिरानगरच्या आमच्या घरात तर दोन पोरं. मुलीचा मुलगा कबीर आणि समोरच्या फ्लॅटमधली सई, दोघंही चार-साडेचार वर्षांची. त्यांना मी स्पॅनिश शिकवायला घेतलं. शिकवायला कसलं, सकाळी मोबाइलवर मी शिकायचं आणि संध्याकाळी तेच त्यांच्याशी खेळायचं!

कारण माझा मुलगा निखिल स्पेनमध्ये असतो. सूनबाई मार्ता तिकडचीच. त्यांची चार वर्षांची इवा फक्त स्पॅनिश बोलते, आणि ती डिसेंबरात पहिल्यांदाच नाशिकला येणार होती. मला एकच धास्ती होती. नात येईल आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता परत जाईल.

*

सुरुवात भातुकलीने केली. कबीर दुकानदार. त्याच्याकडून काही हवं असेल तर ‘कियेरो’, म्हणजे ‘मला हवंय’, म्हणायचं. सई गोड आवाजात ‘कियेरो, कियेरो’ करत सगळं दुकान घेऊन गेली.

कबीरने मात्र उपयोगाचं तेवढं उचललं. रात्री ताटात दुधीची भाजी बघितली आणि ताट सरकवलं. “नो कियेरो!”

त्याची आई, म्हणजे माझी मानसी, माझ्याकडे बघतच राहिली. “आई, आता याला रागवू की याचं कौतुक करू?”

*

एकदा दोघांना घेऊन भाजीबाजारात गेले. आमचे ठरलेले कांदेवाले काका नामपूरकडचे. ढीग दिसताच पोरं ओरडली, “सेबोया! सेबोया!”

“काय म्हणस हाऊ पोऱ्या?” काका म्हणाले.

मी सांगितलं, स्पेनमध्ये कांद्याला सेबोया म्हणतात. काकांनी एक कांदा उचलून नीट न्याहाळला. “मंग तठे भाव काय शे?”

एवढे दिवस शिकत होते, पण हा प्रश्न मला सुचलाच नव्हता! घरी येऊन आधी निखिलला फोन लावला.

*

आकडे लपंडावात शिकलो. पोरांना पाचपर्यंतच येत होतं, त्यामुळे ज्याच्यावर राज्य तो ‘सिन्को’ म्हणाला की लगेच डोळे उघडायचा. आमच्या ह्यांचे गुडघे दुखरे. ते सोफ्यावरून उठेपर्यंतच “आजोबा इस्टॉप!”

चौथ्यांदा आउट झाल्यावर हे माझ्यावर चिडले. “अहो बाई, वीसपर्यंत शिकवा त्यांना! माणसाने लपायचं कधी?”

पोरं आठवड्यात वीसपर्यंत मोजायला लागली. आजोबांचं मात्र सतरापर्यंतच पाठ झालं. तोवर ते लपलेले असायचे!

*

मग मी धीर करून व्हिडिओ कॉलवर इवाशी बोलले. चांगली पाच मिनिटं. ती डोळे मोठे करून ऐकत होती. शेवटी बापाच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि पळून गेली.

“काय म्हणाली रे?”

निखिलला हसू आवरेना. “आई, ती विचारतेय, आजी मला सारखी ‘लप, लप’ का सांगते?”

काय करणार! माझं सगळं स्पॅनिश खेळातलंच होतं. त्या रात्री मला फार वाईट वाटलं.

*

डिसेंबरात इवा आली आणि आईला जी चिकटली ती सुटेचना. दोन दिवस कुणाशी अवाक्षर नाही. मी जवळ गेले की तोंड फिरवायची.

तिसऱ्या दिवशी सई तिला हाताला धरून लपंडावात घेऊन आली. कबीरने मोठ्या मनाने जाहीर केलं, “ती नवीन आहे. ती लिंबूटिंबू!” म्हणजे खेळात आहे, पण तिला कुणी आउट करायचं नाही.

राज्य माझ्यावर होतं. इवा जेवणाच्या टेबलाखाली बसली होती, फ्रॉक बाहेर दिसत होता. मी नियमाप्रमाणे बाजूने निघून गेले. सई सापडली, आजोबा सापडले, कबीर सापडला. पुढचा डाव. इवा पुन्हा टेबलाखाली, मी पुन्हा बाजूने.

तिसऱ्या डावात ती टेबलाखालून तरातरा बाहेर आली. गाल लाल, डोळे भरलेले. माझ्यासमोर येऊन पाय आपटला आणि ओरडली, “आबुएला! बुस्कामे!”

कबीर हळूच म्हणाला, “आजी, ती म्हणतेय, मला शोध.”

इवा माझ्यासमोरच उभी होती. मी आधी पलंगाखाली बघितलं. मग दाराआड बघितलं. मग कपाट उघडलं.