अंगठ्याचा फोटो

आमच्या ड्रेसिंग रूममधला कॅमेरा खिशात मावेल एवढा आहे. लेन्स एकच, ती निघत नाही, आणि झूम नाही. डॉक्टरांनी तो आणला तेव्हा रिसेप्शनवरच्या मुली म्हणाल्या, एवढ्या पैशात स्कूटी आली असती आणि तिला निदान हॉर्न तरी असता. मलाही तो उधळेपणाच वाटला होता. फोटो मोबाइलनेही निघतात. पण मोबाइल स्वतःची अक्कल चालवून रंग उजळतो, लाल जखम गुलाबी करून दाखवतो, आणि जखमेचा रंग ओळखणं हेच आमचं निम्मं काम. हा कॅमेरा आहे ते दाखवतो. जवळून फोटो हवा असेल तर मात्र आपणच जवळ जायचं. मी पेशंटचा पाय स्टुलावर ठेवते, जमिनीवर गुडघे टेकते आणि दर वेळी तेवढ्याच अंतरावरून फोटो काढते. गुडघे आता कुरकुरतात, पण आधीचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवून बघायचा तर दुसरा उपाय नाही.

धंतोलीत दवाखान्यांना तोटा नाही. आमच्याकडे फक्त पाय येतात, बहुतेक साखरेच्या आजाराने बधिर झालेले. त्या सकाळी आलेला माणूस वाडीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये ट्रक चालवायचा. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, केबिनच्या तापलेल्या पत्र्याने भाजलं होतं. तळव्याला जाणीव नसल्यामुळे ते त्याला चप्पल ओली झाली तेव्हा कळलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की हा अंगठा गेला तर ट्रक विसरा. ब्रेकवर जोर त्याच पायाचा. त्याला ट्रकशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही शिकायची इच्छाही नव्हती.

जखम छान भरत होती. इतकी छान, की डॉक्टरांनी तिचे फोटो डॉक्टरांच्या एका सभेत मोठ्या पडद्यावर दाखवले आणि पुढच्या भेटीत नवराबायकोला कौतुकाने सांगितलंही, ‘तुमचा पाय हॉलभर डॉक्टरांनी बघितला.’ नवरा खूश झाला. बायकोने त्याच्या पायावर पदर ओढला. त्यानंतर थोड्याच दिवसांत जखमेभोवती लाली आली, ताप आला, गोळ्या बदलाव्या लागल्या. ताप उतरला का आणि लाली कुठवर आली, हे बघायला त्या सकाळी त्यांना बोलावलं होतं.

पट्टी सोडण्याआधी मी सगळ्यांना विचारते तेच विचारलं. जखमेवर काही लावलं का, हळद, राख, पाला? लोक लावतात आणि लपवतात.

“नाही जी,” तो म्हणाला. “असलं काही आपल्या घरी चालत नाही. हिले विचारा.”

बायको बेसिनच्या नळाकडे बघत म्हणाली, जखमेवर काहीच नाही लावलं.

पट्टी सोडली. जखम ठीक होती, लाली ओसरत होती. पण पट्टीबाहेर राहिलेल्या अंगठ्याच्या पोटावर, टोकाच्या जरा खाली, वाटाण्याएवढा काळा डाग होता. आमच्याकडे लाल, पिवळं, पांढरं सगळं चालतं. काळं चालत नाही. काळं म्हणजे तिथलं मांस मेलं. आणि काळ्या जागेला डॉक्टरांनी बघेपर्यंत पुसायचं नाही, दाबायचं नाही, हा आमचा नियम. मी गुडघे टेकले, फोटो काढला, मोबाइलवर घेतला आणि आत ऑपरेशन करत असलेल्या डॉक्टरांकडे पाठवला.

उत्तर लगेच आलं. अंगठा काळा पडायला लागलाय, थांबलो तर पाय जाईल. हातातली केस संपली की लगेच अंगठा काढू, तोवर घोट्याला बधिर करून ठेवा.

अंगठा काढावा लागेल, हे त्या दोघांना सांगायचं काम माझं होतं. त्याने मान खाली घालून ऐकलं. तळवा स्वतःला दिसत नाही, म्हणून त्याने पाय वाकवून बघायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

“बाकी काय कापाचं ते कापा,” तो म्हणाला. “अंगठा सोडा.”

मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही. संमतीच्या कागदावर त्याच्यामागोमाग बायकोनेही सही केली. सकाळी रक्त तपासायचं म्हणून तो उपाशीच आला होता, म्हणजे तीही अडचण नव्हती. त्याला आत नेलं.

माझं मन मात्र लागेना. पट्टी सोडताना अंगठ्याला हाताची पाठ लागली होती आणि अंगठा गरम होता. मेलेली जागा थंड असते. पण शेजारी जंतुसंसर्ग असेल तर गरमही लागते. त्यावरून डॉक्टरांना थांबवायला जाणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं. आत एकदा पाय तपकिरी औषधाने रंगला की काळं, लाल सगळं एक दिसतं. मग डॉक्टर फोटोवरच भरवसा ठेवणार, आणि फोटो माझा होता.

मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. मोबाइलवर गेलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. मूळ फोटो मोठा करत गेलं की कातडीची रेष न् रेष दिसते. मी डागावर जाऊन मोठा केला. अंगठ्याच्या कातडीच्या रेषा आडव्या, रुंद, भेगाळलेल्या होत्या. त्यांच्यावर, काळ्यामध्ये, दुसऱ्या रेषा होत्या. बारीक, गोल गोल फिरलेल्या. कुणाच्या तरी बोटाचा ठसा.

मेलेल्या मांसावर बोटाचा ठसा उमटत नाही.

बायको लिफ्टजवळच्या बाकावर त्याच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. मी बाजूला बसले नाही, वेळ नव्हता.

“जखमेचं नाही विचारत,” मी म्हटलं. “अंगठ्याले काय लावलं?”

तिने आधी ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बघितलं.

“तीट लावली, ताई. काजळाची. लेकराच्या तळव्याले लावतो नं, तशी. येवढ्या लोकाईनं पाय पाह्यला अन् मंगच बिघडला नं तो. आज अखीन फोटो निघन म्हणून सकाळी हे झोपून होते तवा लावली.” आणि मग हळूच, “त्यांले नका सांगू. घर डोक्यावर घेतीन.”

“आता सही करताना काहून नाही बोलली वं?”

“मले का माहीत तुम्ही त्याच्यासाठीच कापून राहिले. मले वाटलं आतून सडलं.”

तिचं खरं होतं. अंगठ्यावर काळं आलंय हे आम्ही एकमेकांना सांगितलं होतं. तिला फक्त ‘अंगठा काढावा लागेल’ एवढंच सांगितलं होतं.

मी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गेले तेव्हा डॉक्टर हात धूत होते. पाय बधिर झाला होता. ब्रदरच्या, म्हणजे तिथल्या पुरुष नर्सच्या, चिमट्यात तपकिरी औषधाचा बोळा होता, पायाला लागायचा होता. मी त्याला थांब म्हटलं. डॉक्टरांनी भुवया वर केल्या. मी त्यांना सांगितलं, डाग काजळाचा आहे, बायकोने तीट लावली आहे.

“नक्की?”

“पुसून बघते.”

“पुसा.”

घरचं काजळ, तेलात खललेलं, भेगांमध्ये मुरलेलं. साध्या पाण्याच्या गॉजने ते नुसतं पसरलं आणि अंगठा आधीपेक्षा काळा दिसायला लागला. मी बेबी ऑइलची बाटली मागितली, नवीन गॉज भिजवला आणि अंगठा धरून पुसत राहिले. दुसऱ्या गॉजला खालची कातडी दिसली. पिवळट, जाड, ट्रकवाल्याच्या पायाची असते तशी. डॉक्टरांनी तिथे बोट दाबलं, सोडलं. जागा पांढरी झाली आणि लगेच गुलाबी झाली, म्हणजे रक्त पोचत होतं. त्यांनी दुसऱ्यांदा दाबून बघितलं, मग तिसऱ्यांदा.

“याला टेबलावरून उतरवा,” ते म्हणाले. “पुढचा पेशंट कोण आहे?” दारातून जाता जाता म्हणाले की यापुढे काळा डाग दिसला तर मला बोलवा, फोटो पाठवून मोकळे होऊ नका. पुढे क्षणभर थांबून, “आणि मीही फोटो बघून कापायला घेणार नाही.”

बाहेर आणल्यावर त्याने मला विचारलं, काहून थांबवलं. मी सांगितलं, फोटोत डाग दिसत होता, तो वरवरचा निघाला. यात खोटं काही नव्हतं. त्याने अर्धवट विश्वास ठेवला. बधिरपणा उतरेपर्यंत त्या पायावर भार द्यायचा नाही हे मी दोघांना बजावलं, आणि ताप आला तर त्याच दिवशी यायचं. बायकोने त्याच्या पायांत चपला घातल्या, त्याला खांद्याचा आधार दिला आणि दोघं लिफ्टसमोर उभे राहिले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

“अंगठा राह्यला नं,” तो म्हणाला. “मंग काहून रडून राह्यली?”

“भूक लागली.”

“सकाळपासून उपाशी मी, अन् भूक तुले लागली?”

लिफ्ट आली. ती म्हणाली, डावा पाय आधी टाका.