तळ्यातली पहिली चक्कर

सांगलीत माधवनगर रस्त्याला राजरत्नचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड आणि बाहेर एक लाकडी बाकडं. शहाण्णव-सत्त्याण्णव साली त्या बाकड्यावर रोज संध्याकाळी चार-सहा माणसं जमत. त्यांना घरी कामं नव्हती असं नाही, पण गाड्यांवर वाद घातल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे.

त्यात सगळ्यात मोठा आवाज नानासोंचा. सूतगिरणीत नोकरी आणि दारात एक जुनी फियाट. गाडीत मुळात असलेलं इंजिन काढून दुसरं घालणं त्यांना अजिबात पटत नसे. समोर असायचा जयराज. वाईकडचा, कृष्णाकाठच्या उसाच्या घरातला. सैन्याच्या लिलावातली एक जीप त्याच्याकडे होती आणि सांगलीत बहीण दिलेली असल्यामुळे त्याचं येणं-जाणं असे. तो आणि राजरत्न साताऱ्याच्या आयटीआयमध्ये एका बाकावर बसलेले. जयराजनं शिक्षण मध्येच सोडलं, दोस्ती मात्र टिकली.

"जपान्याचं इंजिन जीपला लावून काय करणार? ऊस ओढणार?" नानासो विचारत.

"तुमच्या फियाटला बैलं जुंपली तर तिचा वेग वाढंल," जयराज म्हणे.

"माझी हळू जाती, पण सरळ जाती. तुमाला आडवी न्यायची असती. एवढा पैसा ओतून आडवं जायचं, म्हंजे खेकड्याला बूट घालायची तऱ्हा!"

सगळे हसत. राजरत्न हातातलं काम न सोडता म्हणे, "सरळ तर एष्टी बी जाती, नानासो."

आडवी घालणं हा जीपवाल्यांचाच शब्द. वेगात आलेली जीप स्टिअरिंग झटकून वळवायची, मागची चाकं मोकळी सोडायची आणि गाडी तिरपी घसरत असताना ॲक्सिलरेटरवर तिला तोलून धरायची. कवठे महांकाळजवळचं एक तळं उन्हाळ्यात कोरडं पडायचं. मे महिन्यात जीपवाले तिथं जमायचे. त्यात मान पहिल्या चक्करीचा. तोवर तळाच्या गाळावरची पापडी शाबूत असते, त्यामुळे चाकांच्या रेषा कागदावर ओढल्यासारख्या उमटतात आणि बांधावरून सगळं दिसतं. नंतर नुसता धुरळा. म्हणून त्या वर्षीची नवी गाडी ज्याच्या हातानं तयार झाली, पहिली चक्कर त्याची, अशी तिथली रीत होती.

राजरत्नचं गाव त्या तळ्यापासून कोसभरावर. लहानपणापासून त्यानं बांधावर उभं राहून दुसऱ्यांच्या जीपा पाहिल्या होत्या. स्वतःची जीप कधीतरी होईल म्हणून त्यानं कुर्ल्याच्या भंगारातून एक जपानी पेट्रोल इंजिन आणून ठेवलं होतं. जीप काही झाली नाही.

एका संध्याकाळी जयराजच म्हणाला, "रत्ना, जीप माझी, इंजिन तुझं. तळ्यात पहिली चक्कर तुझी. नानासो, तुमी साक्षीला."

"व्हय बाबा, अंगठा उठवू का?" नानासो म्हणाले.

राजरत्नला एवढं पुरेसं होतं. इंजिन जीपच्या गिअरबॉक्सला जुळेना, म्हणून मधली प्लेट त्यानं लेथवर तीनदा करून घेतली. इंजिनच्या सिलिंडरचं बोअर नवं करून घेतलं होतं. असं इंजिन आधी शेकडो किलोमीटर हळू चालवून अंगाला बसवावं लागतं. गॅरेज सांभाळून तो सांगली-सातारा रस्त्यावर जीप चाळीसच्या वेगानं नेई आणि आणी. उसाच्या ट्रॉल्या मागून हॉर्न देत पुढं जात. पोरं ओरडत, "उतरून ढकला की!" तो हसून हात करी. ॲक्सिलरेटर दाबायचा मोह त्यानं एकदाही केला नाही. ते त्यानं तळ्यातल्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं.

आईला, रंगुबाईला, त्यानं सांगून ठेवलं होतं, "आई, बांधावर ये. पयली गाडी माझी."

मे महिन्यात तळ्यावर सगळे जमले त्या दिवशी जयराज पांढरा शर्ट घालून आला. बरोबर पुण्याचे पाहुणे होते. त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती. राजरत्न सीटवर बसून पट्टा आवळत होता. जयराजनं दारात हात ठेवला.

"रत्ना, उतर जरा. पाव्हणं आल्यात. पयली मी मारतो, तू मागनं घे की."

"मागनं धुरळाच असतोय, जया. ठरलं व्हतं आपलं."

"ठरलं व्हतं रं. पर आता त्यांच्यासमोर तू चालवणार आन मी बगत उभा राहणार, बरं दिसतंय का?"

राजरत्ननं नानासोंकडं पाहिलं. ते रसाचा ग्लास घेऊन उभे होते. त्यांनी रसात बोट घालून माशी काढली आणि म्हणाले, "कशाला ताणतोस गड्या? गाडी त्याची हाय."

राजरत्न उतरला.

जीप सुटली. इंजिन कुठंही न अडखळता चढत गेलं. जयराजनं राजरत्ननंच शिकवलं होतं तसं स्टिअरिंग झटकलं आणि जीप तिरपी झाली. पापडीवर एकच लांब, गोल, स्वच्छ रेघ उमटली. लोक ओरडले. चक्कर वाईट झाली असती तर राजरत्नला निदान राग काढायला जागा मिळाली असती. ती फार सुंदर झाली.

तो बांधावर चढला. रंगुबाई कपाळावर हात धरून उभी होती. तिला लांबचं नीट दिसत नसे. शेजारच्या बायांना ती सांगत होती, "ती बगा, माझ्या राजाची गाडी! कशी फिरवतोय बगा! ल्हानपणी हितंच उभा राहायचा वो."

तो तिच्या मागं दोन हातांवर थांबला. पुढं होऊन सांगावं की मागच्या मागं निघून जावं, हे त्याला कळेना. जीप थांबली. पाहुण्यांनी पांढऱ्या शर्टाला मिठी मारली. एक बाई म्हणाली, "रंगुमावशी, ह्यो तर कुणी दुसराच हाय."

रंगुबाई वळली. राजरत्न समोरच होता.

"तू हितं? मग गाडीत कोण व्हतं रं?"

"मालक व्हता, आई."

बाया दुसरीकडं बघायला लागल्या.

तेवढ्यात जयराज घामानं निथळत वर आला, चावी पुढं धरून. "घे रत्ना, आता तू. मनसोक्त मार."

खाली तळ्यात पाच-सहा जीपा एकदम शिरल्या होत्या. धुरळ्यात काहीच दिसत नव्हतं.

"सोमवारी गाडी गॅरेजवर आणा," राजरत्न म्हणाला. "इंजिन उतरवून घेतो."

आयटीआयपासून त्यानं जयराजला कधी 'आणा' म्हटलं नव्हतं. जयराज आधी गोंधळला, मग पाहुण्यांकडं बघून हसला. "कुठलं इंजिन? लावलं तवा दिलंसच की तू. का वो नानासो?"

नानासो मागून चढत येत होते. त्यांना दम लागला होता. दम ओसरला तरी ते खाली धुरळ्याकडंच बघत राहिले.

राजरत्ननं आईच्या हातातली पिशवी घेतली. तिच्यात त्याच्यासाठी भाकरी बांधून आणली होती. दोघं बांध उतरून गावाच्या वाटेला लागली.