हिरवं झालेलं आभाळ

हे साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर होते. रिटायर झाल्यावर चित्रकलेच्या क्लासला जायला लागले. गावातल्या आर्ट गॅलरीत एकोणिसाव्या शतकातलं एक फ्रेंच निसर्गचित्र होतं. नदीकाठची विलोची झाडं, एक गाय, वर ढगाळ आभाळ. त्याची कॉपी करायची, असं ह्यांनी ठरवलं.

दर गुरुवारी बसनं जाऊन आम्ही त्या चित्रासमोरच्या बाकावर बसायचो.

"आधी सगळ्या कॅनव्हासवर तपकिरी रंगाचा हात दिलाय," हे सांगायचे. "सावल्या पातळ ठेवल्यात, म्हणून त्यातून तो तपकिरी अजून दिसतो. उजेड मात्र जाड रंगानं, अगदी शेवटी. आणि पानांमधलं आभाळ बघ, ते झाडं झाल्यावर वरून भरलंय."

तोवर मला तिथं नुसती झाडं दिसायची.

मग ह्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. नजरेच्या मधोमध धूसर डाग. "ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं," म्हणाले. इंजेक्शनं झाली, फारसा फरक पडला नाही. तरी चित्र सोडलं नाही. मी शेजारी बसून रंग सांगायची. हे विचारायचे, "हिरवा म्हणजे कुठला? राखाडीकडे झुकणारा की पिवळ्याकडे?"

आभाळ रंगवलं त्या दिवशी मी किचनमध्ये होते. पांढऱ्यात निळा आणि किंचित मातकट रंग मिसळायचा होता. मातकटाच्या जागी लिंबासारखी पिवळी ट्यूब ह्यांच्या हाती आली होती. सगळं आभाळ हिरवट झालं होतं.

"कसं झालंय?" कितीतरी महिन्यांनी चेहरा असा खुलला होता.

"अगदी तसंच," मी म्हणाले.

रविवारी मुलगी पिनरहून आली. ती इथंच जन्मली, तिचं मराठी तिचं तिचं आहे. "लव्हली आहे, बाबा! पण आभाळ हिरवी का केली?"

ती गेल्यावर ह्यांनी विचारलं, "तुला दिसलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"तुम्ही इतके खूश होतात..."

"तुझ्यावर विसंबून रंगवत होतो गं मी."

आवाज चढला असता तर बरं झालं असतं. "खरवडून काढू या, मी मदत करते," मी म्हणाले. "राहू दे," म्हणाले. ब्रश धुऊन, पुसून डब्यात ठेवले. पुन्हा काही काढले नाहीत.

त्यानंतर हे दोन वर्षं होते. माझ्याशी नीट बोलायचे, चहा घेतलास का म्हणून विचारायचे. पण मोज्यांची जोडी लावायची असली, गोळी कुठली ते बघायचं असलं, की मुलीला व्हिडिओ कॉल लावायला सांगायचे आणि वस्तू फोनसमोर धरायचे. "ही निळी का पांढरी?" कॉल मीच लावून द्यायची आणि समोरच्या खुर्चीत बसून राहायची.