साक्षीदार कोण?

वाक्य फळ्यावर लिहून झालं की रामटेके सर वर्गाकडे वळून विचारत, "साक्षीदार कोण?" ती गोष्ट कोणी स्वतः पाहिलेली असेल तरच ते वाक्य राहायचं, नाही तर पुसलं जायचं. आरमोरीच्या ज्युनिअर कॉलेजात आम्ही इंग्रजी असं शिकलो. माझ्या घरात इंग्रजी लिहिणारा मी पहिलाच. सगळीकडे असंच शिकवतात, असं मला वाटे.

एखादी गोष्ट दुसरीपेक्षा जास्त वेळा घडते, हे 'मोर ऑफन दॅन' वापरून लिहायचं होतं. आमच्या गावात एस.टी.पेक्षा अस्वल जास्त वेळा येतं, असं मी भीत भीत इंग्रजीत लिहिलं. माझ्याच गावचा देवाजी उठला. "मी हाय साक्षीदार, सर. अस्वल टायमावर बी येते."

वर्ग हसला. सरही हसले. "वाक्य राह्यलं. पण बावा, 'मोर' लिवलं तं 'दॅन' काऊन खाल्लं? एकाच पारड्यात धान तोलतेत का तुह्या गावात?"

सरांना घराण्यात चालत आलेला रक्ताचा आजार होता, त्यात सांधे असह्य दुखायचे. त्यांचा धाकटा भाऊ त्यातच गेला होता. शिकवताना कळ आली की ते टेबलाची कड घट्ट धरत. "थांबा रे, जाऊन राह्यली," म्हणत. आधी ती महिन्याकाठी यायची. धान कापणीला येईपर्यंत दर आठवड्याला येऊ लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी यावर औषध नाही म्हणून सांगितलं. आम्ही पाणी आणायचो, त्यांची सायकल धरायचो. आणखी काय करणार होतो?

परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला सरांनी स्वतःच एक वाक्य लिहिलं. अक्षर वाकडं येत होतं. 'पेन कम्स मोर ऑफन दॅन बिफोर.' दुखणं आधीपेक्षा जास्त वेळा येतं. मग ते वळले.

"साक्षीदार कोण?"

आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. एकही हात वर गेला नाही. देवाजी मान खाली घालून बाकावरची शाई नखाने खरवडत बसला.

"काऊन रे? कोणीच नाई पाह्यलं?" सरांनी खडू खाली ठेवला. आमच्याकडे बघून हळूच म्हणाले, "मंग खोटं असन. पुसून टाका."

मी पहिल्या बाकावर होतो. उठलो आणि ते वाक्य डस्टरने घासून घासून पुसलं.

सर निकालाच्या आधीच गेले.